बोलायला उभे राहिले की छाती का धडधडते?

शाळेत टिळक पुण्यतिथीचा कार्यक्रम चालू आहे अशी कल्पना करा. घरी चार दिवस तुम्ही भाषण पाठ केले आहे. तुमचे नाव पुकारले जाते. तुम्ही उठता आणि एकाएकी छाती धडधडू लागते, घशाला कोरड पडते, तळहात गार पडून घामेजतात आणि पाय लटपटतात. 'अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग' एवढे म्हणून होते न होते तोच पुढचे सगळे वाक्य पुसल्यासारखे नाहीसे होते. जागेवर परत येताना तुमच्या मनात एकच विचार असतो, 'भाषण करणे हे काही आपले काम नव्हे!'

पुष्कळ मुले या एका प्रसंगानंतर जन्मभर गप्प बसतात. वर्गात शंका आली तरी विचारत नाहीत. मोठेपणी ग्रामसभेत आपले गाऱ्हाणे मांडायची वेळ आली तरी मागच्या रांगेत बसून राहतात. म्हणून हा प्रश्न केवळ वक्तृत्व स्पर्धेतल्या बक्षिसाचा नाही. त्या वेळी आपल्या शरीरात नेमके काय होते, ते आधी पाहू या.

मूत्रपिंडावरच्या दोन ग्रंथी

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. संकटाची चाहूल लागताच मेंदू मज्जातंतूंमार्फत तिला हुकूम सोडतो आणि ती अ‍ॅड्रिनॅलिन नावाचे हॉर्मोन रक्तात सोडते. समोर वाघ उभा राहिला तर प्राण्यापुढे दोनच मार्ग असतात. लढायचे, नाही तर पळायचे. दोन्हींसाठी स्नायूंना भरपूर रक्त आणि प्राणवायू लागतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या ग्रंथात या तयारीचे सविस्तर वर्णन केले.

आता भाषणाच्या वेळची लक्षणे एकेक तपासून पाहा. स्नायूंना अधिक रक्त पोचवण्यासाठी हृदय जलद चालते, म्हणून छाती धडधडते. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. पळापळीच्या वेळी अन्न पचवण्याची घाई नसते. त्यामुळे पोटाकडचे रक्त कमी होते आणि पोटात गोळा आल्यासारखे वाटते. पातळ लाळ सुटणे कमी होते आणि जीभ टाळ्याला चिकटते. स्नायू धावण्यासाठी ताणून तयार असतात, पण आपण तर एका जागी उभे! मग ते थरथरतात.

आवाजाचेही तसेच. फुप्फुसांतून येणारी हवा कंठातल्या स्वरतंतूंना कंपित करते आणि आवाज निघतो. तंबोऱ्याची तार ताणली की स्वर चढतो. तसेच कंठाचे स्नायू ताणले गेले की आवाज चढतो. त्यात श्वास उथळ झालेला असतो. हवेचा झोत एकसारखा येत नाही, म्हणून आवाज कापतो.

थोडक्यात, शरीर बिघडलेले नसते. ते आपले काम चोख करीत असते. फक्त समोर वाघ नसून वर्गातली चाळीस मुले असतात, हे त्याला कळलेले नसते.

झुरळांची शर्यत

पण मग घरी बिनचूक येणारे भाषण लोकांसमोर का विसरते? याचे एक उत्तर झुरळांनी दिले आहे! रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. झुरळाला उजेड नकोसा असतो. दिवा लागताच ते अंधाराकडे धाव घेते. त्यांनी झुरळांना एकदा सरळ वाटेने आणि एकदा वळणाच्या, चुकण्याजोग्या वाटेने अंधाराकडे जायला लावले. काही वेळा वाटेच्या कडेला पारदर्शक पेट्यांत दुसरी झुरळे 'प्रेक्षक' म्हणून ठेवली होती. प्रेक्षक असताना सरळ वाटेवरची झुरळे अधिक वेगाने धावली. वळणाच्या वाटेवर मात्र त्यांना जास्त वेळ लागला.

झायोंकचे म्हणणे असे, की इतरांच्या नुसत्या उपस्थितीने प्राण्याची उत्तेजना वाढते. जे अंगवळणी पडलेले असते, ते त्यामुळे अधिक चांगले होते. जे कच्चे असते, ते अधिकच बिघडते. माणसांवरच्या अनेक प्रयोगांतही हाच कल दिसला आहे. मुरलेला गवई भरल्या मैफलीत खुलतो आणि नवशिक्या गडबडतो, तो यामुळेच.

याचे एक बोलके उदाहरण आपल्या इतिहासात आहे. मोहनदास गांधी १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिलाच खटला चालवायला ते उभे राहिले आणि त्यांचे डोके गरगरू लागले. साक्षीदाराला विचारायला एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि घेतलेली तीस रुपयांची फी त्यांनी परत केली. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. पुढे १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत ते बोलले. विषय होता व्यापारातला खरेपणा. या विषयाचा त्यांनी पुरेसा विचार केलेला होता आणि या वेळी ते अडखळले नाहीत. माणूस तोच, पण वाट ओळखीची झाली होती.

इतरांना किती दिसते?

आणखी एक भीती असते. आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसते आहे, असे बोलणाऱ्याला वाटत राहते. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. भाषण करणाऱ्यांना आपण जेवढे घाबरलेले दिसतो असे वाटत होते, तेवढे ते श्रोत्यांना दिसत नव्हते. आपल्या छातीची धडधड आपल्यालाच ऐकू येते, तिसऱ्या रांगेतल्या मुलाला नाही! पुढची गोष्ट शिक्षकांनीही लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांना ही वस्तुस्थिती आधी समजावून सांगितली होती, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. ज्यांना नुसते 'काळजी करू नका' असे सांगितले, त्यांना तसा फायदा झाला नाही.

मग करायचे काय?

पहिले, भाषण शब्दन् शब्द घोकू नका. साखळीतली एक कडी निसटली की पुढचे सारे निसटते. सुरुवातीची दोन वाक्ये पक्की करा आणि बाकीचे चार-पाच मुद्दे क्रमाने ध्यानात ठेवा. दुसरे, सराव मनातल्या मनात नको. उभे राहून, मोठ्याने करा. आधी एका मित्रासमोर, मग पाचांसमोर, मग वर्गासमोर. तिसरे, बोलण्यापूर्वी श्वास सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. नाडीवर बोट ठेवून हे तुम्ही स्वतःच पडताळून पाहू शकता.

थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यालाही हे कष्ट चुकले नाहीत. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या मुलाने पुढे वक्तृत्वाचे रीतसर धडे घेतले. आपण भरभर बोलतो हे ठाऊक असल्याने, 'हळू' असे लिहिलेला कागद तो व्याख्यानाच्या वेळी समोर ठेवून घेई. पुढे याच फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी एकोणीस वेळा नाताळची व्याख्यानमाला गुंफली.

शिक्षकांना एक विनंती. मूल अडखळले तर लगेच 'बस खाली' म्हणू नका. क्षणभर थांबा, पुढचा शब्द हलकेच सुचवा आणि त्याला शेवटचे वाक्य पुरे करू द्या. अर्ध्यावर बसलेल्या मुलाच्या मनात फक्त भीती उरते. शेवटपर्यंत गेलेल्या मुलाला आपण पार पडलो हे कळते.

करून पाहा

वर्गात दोन-दोन मिनिटांच्या भाषणांचा तास ठेवा. प्रत्येक वक्त्याने बोलण्याआधी, बोलून झाल्यावर लगेच आणि पाच मिनिटांनी आपली नाडी मोजून लिहावी. 'मी किती घाबरलेला दिसलो?' याला त्याने स्वतःच दहापैकी गुण द्यावेत. श्रोत्यांनीही गुपचूप चिठ्ठीवर गुण द्यावेत. दोन्ही आकडे शेजारी मांडा. दर आठवड्याला हाच प्रयोग करा आणि महिन्याच्या शेवटी तक्ता फळ्यावर काढा. आकडे काय सांगतात, ते तुम्हीच पाहा. आणि तो तक्ता वर्गाला समजावून सांगायला, आजवर मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मित्राला उभे करा!