सावलीतला होस्टा आणि गोगलगायींचा प्रश्न

ब्रिटनमध्ये आमच्यापैकी अनेक कुटुंबांच्या वाट्याला आलेली घरामागची जागा अरुंद असते, तीन बाजूंनी कुंपणाने वेढलेली असते आणि पुष्कळदा उत्तरेकडे तोंड करून असते. तिथे ऊन फार वेळ थांबत नाही. गुलाब रुसतो, टोमॅटो पिकत नाहीत, मेथी उंच होऊन आडवी पडते. अशा जागेला वाया गेलेला कोपरा समजण्याची रीत आहे. परंतु सावली हीच ज्याची आवड, असे एक बहुवर्षायू रोप या कोपऱ्याचे रूप पालटू शकते. त्याचे नाव होस्टा.

होस्टा मूळचा जपान, चीन आणि कोरियाचा. एकोणिसाव्या शतकात फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड यांनी जपानमधून त्याचे अनेक प्रकार हॉलंडमध्ये आणले. निकोलाउस थॉमस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्याला हे नाव मिळाले. आपल्या परिचयाची शतावरी आणि निशिगंध ही त्याच्याच कुळातली. त्याचे खरे वैभव पानांत आहे. काही जातींची हृदयाकृती, ठळक शिरांची पाने पाहताच आपल्याला अळू आठवते. निळसर पानांवर मेणाचा पातळ थर असतो. पाण्याचे थेंब त्यावरून ओघळून जातात. कडक उन्हात हा थर झिजतो आणि निळाई उडते, म्हणून निळ्या जातींना दाट सावली द्यावी. पिवळसर पानांच्या जातींना सकाळचे कोवळे ऊन मानवते.

लागवड वसंतात किंवा शरद ऋतूत करावी. माती खोलवर भुसभुशीत करून तीत कंपोस्ट किंवा कुजलेल्या पानांचे खत भरपूर मिसळावे. गड्ड्याचा माथा जमिनीच्या पातळीला राहील इतपतच रोप खोल लावावे. ओलावा सतत हवा, मात्र पाणी साचता कामा नये. कुंडीतही होस्टा उत्तम वाढतो, फक्त उन्हाळ्यात तिला पाणी देण्याचा विसर पडू नये. पाणी शक्यतो सकाळी घालावे. रात्री माती ओली राहिली की गोगलगायींचे फावते.

नव्या माणसाची फसगत होते ती हिवाळ्यात. पाने पिवळी पडून गळतात आणि जमिनीवर काहीही उरत नाही. रोप मेले असे समजून ते उपटू नये. ते विश्रांती घेत असते. एप्रिलच्या सुमारास गुंडाळलेले टोकदार कोंब वर येतात. ही कित्येक आठवड्यांची थंडी होस्टाला आवश्यक असते. म्हणूनच नागपूर किंवा मुंबईच्या नातलगांसाठी रोप नेण्याचा मोह आवरावा. तिथे ते फार काळ तग धरणार नाही.

आता मुख्य प्रश्न. गोगलगायींना होस्टाची कोवळी पाने अतिशय प्रिय आहेत. एका रात्रीत पानांची चाळण होते. पूर्वी यावर मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या सर्रास टाकल्या जात. पक्षी आणि इतर प्राण्यांना त्यांच्यापासून धोका असल्यामुळे ग्रेट ब्रिटनमध्ये 2022 च्या वसंतापासून त्यांच्या घराबाहेरील वापरावर बंदी आहे. त्याच वर्षी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने गोगलगायींना ‘उपद्रवी कीड’ म्हणणे थांबवले. या देशातील बिनशंखाच्या गोगलगायींच्या 44 ज्ञात जातींपैकी केवळ 9 जाती बागेतील रोपे खातात. बाकीच्या बऱ्याचशा कुजका पालापाचोळा खाऊन मातीची सेवाच करतात.

आपल्यासाठी हा केवळ बागकामाचा प्रश्न नाही. पंचशीलातील पहिले शील आपण रोज उच्चारतो. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. त्या कसोटीवर पाहता, शोभेच्या पानाला पडलेली चार भोके ही जीव घेण्याची गरज ठरत नाही, असे आम्हांस वाटते. त्यातच सोसायटीच्या चाचणीत तांब्याची पट्टी आणि अंड्याची टरफले हे लोकप्रिय उपायही निष्प्रभ ठरले. सूत्रकृमी सोडणे किंवा फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या टाकणे हे उपाय उपलब्ध आहेत, पण तेही जीव घेतातच.

मग करावे काय? ‘हॅल्सियन’ किंवा ‘सम अँड सब्स्टन्स’ यांसारख्या जाड पानांच्या जाती निवडाव्यात. पातळ पानांच्या जाती उंच कुंडीत ठेवाव्यात. कोंब फुटण्याच्या दिवसांत रात्री विजेरी घेऊन गोगलगायी वेचाव्यात आणि दूर कंपोस्टच्या ढिगाकडे सोडाव्यात. या कामात मुले आनंदाने सहभागी होतात. बेडूक, हेजहॉग आणि पक्षी यांना बागेत थारा द्यावा. एवढे करूनही काही पाने कुरतडली जातील. तेवढा वाटा त्यांचा समजावा. घरात कुत्रा-मांजर असल्यास मात्र ते पाने चघळणार नाही याकडे लक्ष द्यावे, कारण होस्टा त्यांना बाधतो.

होस्टाला पूर्ण आकार येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. गड्डा भरला की वसंतात कोंब दिसू लागताच तो काढून धारदार सुरीने त्याचे भाग करावेत. प्रत्येक भागाला मुळे आणि निदान एक कोंब असावा. होस्टाचा एक असाध्य विषाणू रसावाटे पसरतो, म्हणून दुसऱ्या रोपाला लावण्यापूर्वी सुरी स्वच्छ करावी. एका रोपाची अशी तीन-चार रोपे सहज होतात. एक आपल्याकडे ठेवून उरलेली या देशात नव्याने घर मांडणाऱ्या कुटुंबांना द्यावीत. त्यांच्याही घरामागे असा एखादा सावलीचा कोपरा असेलच.