व्हिडिओ दिसत नाही? आधी वाट तपासा



"आम्ही दिलेल्या व्हिडिओ सर्व्हरचे पुढे काय झाले? मुले बघतात का?" असे आपल्यापैकी अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. सातपुड्यातल्या आपल्या दोन वसतिगृहांत मुले रोज संध्याकाळी त्यावर गणित आणि विज्ञानाचे पाठ बघतात. तिसऱ्या वसतिगृहात मात्र पावसाळ्यानंतर तो महिनाभर कपाटात बंद होता. टॅबलेटवर काहीच दिसेना, म्हणून तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदाराला विचारले, तर त्याने न तपासताच "नवीन घ्या" असे सांगितले. प्रत्यक्षात सर्व्हर ठणठणीत होता. टॅबलेटपासून त्याच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी बंद झाली होती.

आपली देणगी अशी कपाटात पडू नये, म्हणून ही वाट कशी तपासायची ते येथे सांगतो. आपल्या मंडळीत उपासनेचे व्हिडिओ दाखवण्यासाठी अशी सोय असेल, तर तेथेही हे उपयोगी पडेल.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे एक छोटा संगणक. त्याच्या हार्डडिस्कमध्ये व्हिडिओ साठवलेले असतात आणि जेलीफिन नावाचा मोफत प्रोग्राम ते मागेल त्याला पाठवतो. तो वायफाय राउटरला जोडलेला असतो आणि मुलांचे टॅबलेट त्याच वायफायवर असतात. यात इंटरनेट लागत नाही. धडगावच्या डोंगरात मोबाइलची रेंज नसली तरी पाठ चालतात ते यामुळेच.

सर्व्हर ही विहीर, राउटर हा पाइप आणि टॅबलेट हा नळ असे समजा. नळाला पाणी आले नाही म्हणून कोणी लगेच नवी विहीर खणत नाही. आधी विहिरीत डोकावतो, मग पाइप बघत बघत नळापर्यंत येतो. येथेही तोच क्रम ठेवायचा.

पायरी १ : विहिरीत पाणी आहे का?

सर्व्हरला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडा. त्याच संगणकावर ब्राउझर उघडून 'लोकलहोस्ट' हा शब्द, पुढे विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि ८०९६ हा आकडा टाका. शब्द आणि आकडे दोन्ही इंग्रजीत टाकावेत. जेलीफिनचे पान उघडले तर प्रोग्राम चालू आहे. पान उघडले पण व्हिडिओ लागत नसतील, तर हार्डडिस्कची वायर सैल झाली आहे का ते बघा. पानच उघडले नाही तर वीज गेल्यानंतर प्रोग्राम पुन्हा सुरू झालेला नसतो; तो सुरू करा.

पान आणि व्हिडिओ दोन्ही येथे चालले, तर सर्व्हर बदलण्याचे कारण नाही. दोष पुढे कोठेतरी आहे.

पायरी २ : पत्ता तोच आहे का?

राउटर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की हा पत्ता बदलू शकतो. आपल्या तिसऱ्या वसतिगृहात हेच झाले होते. भिंतीवरच्या कागदावर शेवटचा आकडा १० होता आणि सर्व्हरला आता १४ मिळाला होता. मुले रोज जुन्याच पत्त्यावर हाका मारत होती.

सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये सध्याचा पत्ता दिसतो. तो टॅबलेटवर टाकून बघा. पुढे ८०९६ विसरू नका. मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पत्ता या सर्व्हरसाठी कायमचा राखून ठेवा, म्हणजे वीज कितीही वेळा गेली तरी तो बदलणार नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर सर्व्हरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. अशा वेळी दोघांमधली केबल आणि राउटर तपासा.

पायरी ३ : टॅबलेट त्याच वायफायवर आहे का?

वायफायमध्ये इंटरनेट नाही असे दिसले की काही मोबाइल आणि टॅबलेट आपण होऊन सिमकार्डच्या डेटावर जातात. मग सर्व्हर सापडत नाही. मोबाइल डेटा बंद करा आणि "इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?" असे विचारले तर होकार द्या.

राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' वायफाय असेल तर टॅबलेट त्यावर नको. गेस्ट वायफायवरून सहसा घरातल्या इतर यंत्रांशी बोलता येत नाही. काही राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' नावाची सेटिंग असते. ती चालू असेल तर वायफायवरची यंत्रे एकमेकांना दिसत नाहीत.

पायरी ४ : दाराला कडी आहे का?

पत्ता बरोबर, वायफाय बरोबर, तरी पान उघडत नाही? मग फायरवॉल बघा. फायरवॉल हा संगणकाचा द्वारपाल आहे. ८०९६ हे जेलीफिनचे दार आहे आणि द्वारपालाने ते अडवलेले असू शकते. विंडोज संगणकावर नवा राउटर जोडला की ते जाळे 'पब्लिक' म्हणजे परके धरले जाऊ शकते आणि दारे बंद होतात. आपले वायफाय 'प्रायव्हेट' करा आणि फक्त जेलीफिनला परवानगी द्या. सगळी फायरवॉल बंद करू नये. एका पाहुण्यासाठी घराची सगळी दारे रात्रभर उघडी ठेवण्यासारखे ते आहे.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती मनुष्य आठवा. प्रभू घरातच होता, पण दारातल्या गर्दीमुळे वाट नव्हती. चौघांनी ती छपरातून काढली. आपल्याला छप्पर उघडावे लागत नाही, एक कडी काढली की पुरते.

व्हिडिओ लागतो, पण अडखळतो

हा वेगळा आजार आहे. साध्या स्पष्टतेच्या व्हिडिओला सेकंदाला सुमारे २ मेगाबिट लागतात असे धरले, तर २० टॅबलेटना ४० मेगाबिट लागतील. साध्या राउटरला हे जड जाते. अशा वेळी तीन-चार मुलांत एक टॅबलेट द्या, किंवा एकाच पडद्यावर सर्वांना दाखवा. राउटर कपाटात न ठेवता उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. शिवाय व्हिडिओ एमपी४ प्रकारात, एच.२६४ पद्धतीने साठवलेले असावेत. टॅबलेटला न समजणारा प्रकार असेल तर सर्व्हरला तो चालता चालता बदलून द्यावा लागतो आणि छोटा संगणक दमतो.

एवढी धडपड कशासाठी?

गणिताचे पाठ दुसरीकडून पुन्हा मिळतील. पण गरोदर मातेची काळजी आणि बाळाचा आहार यांवर आपल्या आरोग्यसेविकांनी पावरी आणि भिली भाषेत स्वतः मोबाइलवर केलेले व्हिडिओही या सर्व्हरमध्ये आहेत. मराठी नीट न समजणाऱ्या आईला ते तिच्याच बोलीत सांगतात. दुकानदाराचे ऐकून सर्व्हर भंगारात गेला असता, तर त्यांतले काही कायमचे गेले असते. आता प्रत्येक केंद्रात त्यांची दुसरी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवतो.

आपल्या मंडळीतील संगणक जाणणाऱ्या तरुणांना एक विनंती आहे. महिन्यातून एक संध्याकाळ फोनवर द्या. वसतिगृहातल्या ताईंना या चार पायऱ्या विचारत गेलात तरी बहुतेक वेळा वाट मोकळी होते. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी या ताईंसाठी प्रार्थना करावी. त्या दिवसभर स्वयंपाक, अभ्यास, आजारी मुले सांभाळतात आणि रात्री राउटरही सांभाळतात.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.