नाव तेच, डिस्क दुसरी

मंडळी, लिनक्समध्ये बहुतेक उपकरणांची एकेक फाइल '/डेव्ह' या फोल्डरात असते (नेटवर्क कार्ड तेवढं अपवाद). फाइल म्हणायची एवढंच, आत मजकूर साठवलेला नसतो. पहिल्या डिस्कची 'एसडीए' फाइल 'एलएस -एल'ने पाहिलीत, तर आकाराच्या जागी दोन आकडे दिसतात: 8, 0. 8 वरून ड्रायव्हर कळतो, 0 वरून त्याच्या हाताखालचं नेमकं उपकरण. कर्नलला हे आकडे पुरतात. नाव आपल्या सोयीसाठी.

आणि ही सोय कायमची नाही बरं का! मशीन सुरू होताना डिस्का ज्या क्रमाने सापडतील, त्या क्रमाने एसडीए, एसडीबी. आम्ही जन्मभर वर्गात नाम आणि वस्तू यांतला भेद शिकवला, आणि एकदा कालचीच एसडीबी समजून 'डीडी' चालवलं. जुन्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती उतरवलेली डिस्क गेली. डीडी 'नक्की ना?' असं विचारत नाही.

यूडेव्ह हा प्रोग्रॅम यावर सोय करून ठेवतो. '/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी'मध्ये डिस्कचं मॉडेल आणि अनुक्रमांक यांवरून केलेले दुवे असतात. क्रम बदलला तरी दुवा त्याच डिस्ककडे नेतो. आम्ही आता तेच नाव देतो. लांबलचक आहे, टाइप करायला कंटाळा येतो. येऊ दे.