‘अंगावर काढणे’ : डॉ. राणी बंग यांच्या संशोधनातील स्त्रीची बोली

प्रसूतीविषयीची मराठी शब्दकळा पाहिली असता या अनुभवाकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत आला, याची पुष्कळशी कल्पना येते. बाळंतपण सुखरूप पार पडले की स्त्रीची ‘सुटका’ झाली, ती ‘मोकळी’ झाली, असे म्हटले जाते. विघ्न आले तर ती ‘अडली’. या शब्दांत प्राणसंकटाची जाणीव स्पष्ट आहे. परंतु बाळंतपणाच्या आगेमागे वर्षानुवर्षे चालणाऱ्या पीडांसाठी वापरला जाणारा शब्दप्रयोग वेगळाच आहे. ही दुखणी ‘अंगावर काढायची’ असतात. सोसणे हाच येथे उपचार ठरतो. मातेच्या आरोग्यातील विषमता केवळ दवाखान्यांच्या अभावातून उद्भवत नाही. कोणत्या दुखण्याला दुखणे म्हणावयाचे, येथूनच तिचा आरंभ होतो. डॉ. राणी बंग यांच्या कार्याचे महत्त्व या संदर्भात पाहावे लागते.

या विषयाला मराठीत एक पूर्वपरंपरा आहे. आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर अवघ्या दहा दिवसांत दगावले. पुढे त्या अमेरिकेत गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळवताना प्रबंधासाठी त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रबंधाला प्राचीन ग्रंथांचा आधार होता. सामान्य स्त्रीची जिवंत बोली अभ्यासाचे साधन होण्यास आणखी शतकभराचा अवधी जावा लागला.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्या काळी ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार प्रामुख्याने गर्भधारणा आणि संततिनियमन यांपुरता होत असे. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे निष्कर्ष काढले, ते १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्त्रीरोगविषयक तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. प्रत्यक्षात एक वा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले ते ९२ टक्के स्त्रियांमध्ये. पूर्वी अशी तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

या अभ्यासाचे वैशिष्ट्य त्याच्या पद्धतीत आहे. रुग्णालयात आलेल्या स्त्रियाच मोजल्या असत्या, तर न आलेल्यांचे मौन आरोग्य म्हणून नोंदले गेले असते. येथे तक्रार नसणाऱ्या स्त्रियांचीही तपासणी झाली आणि ५५ व ९२ या दोन आकड्यांमधील अंतर स्पष्ट झाले. ‘अंगावर काढणे’ या शब्दप्रयोगाचे हे जणू संख्यारूप होय.

मौनाचे मोजमाप झाले, तरी त्याचा अर्थ आकड्यांनी कळत नाही. त्यासाठी राणी बंग यांनी भाषेचा आश्रय घेतला. त्यांच्या पुस्तकाचे ‘कानोसा’ हे नाव या दृष्टीने अन्वर्थक आहे. कानोसा घेणे म्हणजे नुसते ऐकणे नव्हे. जे उघड बोलले जात नाही त्याची चाहूल घेणे होय. शरीर, पाळी, लैंगिक जीवन व बाळंतपण यांविषयी गावातील स्त्रिया स्वतः काय समजतात आणि काय बोलतात, हा या ग्रंथाचा विषय. पुढे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, ३९ गावांतील ७७२ बाळंतिणींची पाहणी घरच्या घरी, गावातीलच आरोग्यसेविकांच्या साहाय्याने करण्यात आली. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२.६ टक्के स्त्रियांना प्रसूतीच्या वेळी वा बाळंतपणानंतर कोणता ना कोणता त्रास झाल्याचे आढळले.

हा प्रश्न दुर्गम अरण्यप्रदेशापुरता आहे, असे मात्र समजू नये. खुद्द राजधानीत दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१० मध्ये दोन गरीब स्त्रियांसंबंधी निर्णय दिला. एकीचा घरी प्रसूत झाल्यावर मृत्यू झाला होता. दुसरीला झाडाखाली प्रसूत व्हावे लागले होते. मोठी रुग्णालये आणि शासकीय योजना दोन्ही उपलब्ध होत्या; परंतु त्यांचा लाभ या स्त्रियांपर्यंत पोहोचला नव्हता. सुरक्षित मातृत्व हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असून, गरीब स्त्री एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली म्हणून तिचा लाभ नाकारता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. गडचिरोलीत दवाखाना दूर होता; दिल्लीत तो जवळ असूनही दूर राहिला. दोन्हीकडे उणीव ऐकून घेण्याची होती.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना यातून एक विचारणीय मुद्दा मिळतो. स्त्रियांच्या ओव्यांचे संकलन मराठीत विपुल झाले आहे. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’ हे त्याचे परिचित उदाहरण. त्या वाङ्मयात माहेर, भाऊ, लेकरू यांना वाणी लाभली. दुखऱ्या देहाविषयी स्त्रिया आपापसात जे गद्यात बोलतात, ते मात्र ना वाङ्मय मानले गेले, ना ज्ञान. ते ज्ञान असल्याचे गडचिरोलीतील संशोधनाने दाखवून दिले. ज्या बोलीत बाई आपले दुखणे सांगते, ती बोली समजून घेणारा अभ्यास आणि तिचे प्राण वाचवू पाहणारे शास्त्र यांची वाट काही अंतरापर्यंत एकच आहे.