किल्लारी: नुसती घरं मोजून भागत नाही

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादेत माणसं दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदांखाली. जागतिक बँकेच्या मदतीने ५२ गावं नव्या जागी वसली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. कागदावर काम फत्ते. पण मूल्यमापन करणाऱ्याने परसदारी जाऊन पाहावं: बैल कुठे बांधतात, कडबा कुठे रचतात, शेत किती लांब पडलं? काटकोनी रस्त्यांच्या वसाहतींत जुनी आळी, भावकी विस्कटली. जागा पुरेना म्हणून लोकांनी खोल्या वाढवल्या. त्या धक्का सोसतील का, हेही तपासायलाच हवं. मला तरी मूळ जागीच झालेली दुरुस्ती-मजबुतीकरण उजवं वाटतं: जवळपास दोन लाख घरं, आणि गावोगावी संवाद सहायक म्हणून नेमलेल्या तिथल्याच बायका.