घरच्या शुश्रूषेची व्यवस्था

सुखदुःखांत सोबत करण्याचें वचन पतिपत्नी विवाहाच्या वेळीं देतात. पुढें दोघांपैकीं एकाला कायमचें अपंगत्व आलें म्हणजे तें वचन रोजच्या श्रमांत पाळावें लागतें. हे श्रम एकट्या जोडीदाराचेच आहेत असें समाज गृहीत धरतो, आणि बहुतेक घरांची व्यवस्था तेथेंच कोलमडते.

पुणें जिल्ह्यांत, शिरूर तालुक्यांतील पाबळसारख्या गांवीं एखाद्या शेतकऱ्याला पक्षाघात झाला, अशी कल्पना करावी. तो रुग्णालयांतून घरीं येतो. पहिला पंधरवडा भेटीला येणाऱ्यांची रीघ लागते. नंतर अंगण ओस पडतें आणि त्याची पत्नी एकटी उरते. त्याला उठविणें, स्वच्छ करणें, भरविणें हें तर आहेच. परंतु ज्याला स्वतः कूस बदलतां येत नाहीं त्याची कूस साधारण दर दोन तासांनीं, रात्रींसुद्धां, पालटावी लागते. नाहीं तर शय्याव्रण होतात. शिवाय गुरें, रान आणि चूल सुटत नाहींत. वर्षभरांत तिचीच कंबर धरते. तिनें अंथरूण धरलें तर घरांत रुग्ण दोन होतील आणि शुश्रूषा करणारें कोणी उरणार नाहीं. म्हणून व्यवस्था लावतांना रुग्णाइतकाच तिचाहि विचार झाला पाहिजे.

कायद्यानें हें तत्त्व मानलें आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमांत काळजीवाहकाची जी व्याख्या आहे, तींत मोबदला घेऊन काळजी घेणारा जसा येतो, तसाच मोबदल्यावांचून राबणारा घरचा माणूसहि येतो.

व्यवस्थेचा आरंभ चोवीस तासांच्या टिपणानें करावा. कोणत्या कामाला दोन माणसें लागतात, कोणतें शेजाऱ्याला करतां येईल आणि कोणतें रुग्णाला स्वतःच साधेल, हें लिहून काढावें. एक हात चालत असेल तर घास त्यानें स्वतः घ्यावा. उशीर लागला तरी चालेल. स्नान कोणी घालावें, हें त्यालाच विचारावें. शरीर पराधीन झालें तरी माणसाची लाज आणि आवडनिवड शाबूत असते.

मग घराकडे पाहावें. चाकाच्या खुर्चीसाठीं उतार एकास बारा या प्रमाणांत असावा. पायरी सहा इंच उंच असेल तर उतार सहा फूट लांब हवा. न्हाणीघरांत धरावयास लोखंडी दांडा बसवावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं पाबळ येथें विज्ञान आश्रम स्थापून ग्रामीण तरुणांना वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम शिकविण्याचा पायंडा पाडला. ज्या गांवांत हें शिक्षण रुजलें, तेथें असा दांडा बसविणारा हात शोधणें जड जाऊं नये.

सरकारी साह्याची किल्ली म्हणजे दिव्यांगत्वाचें प्रमाणपत्र. त्यासाठीं अर्ज संगणकावरून करतां येतो. तपासणी औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांत होते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतें. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तालुक्याच्या तहसील कचेरींत करावा. २०२५ सालीं दिव्यांगांचें हें अनुदान दरमहा २,५०० रुपये करण्यांत आलें. अर्थात् उत्पन्नादि अटी आहेत. ग्रामपंचायतीनेंहि स्वतःच्या उत्पन्नांतील पांच टक्के रक्कम दिव्यांगांसाठीं खर्चावी असा दंडक आहे. तिची विचारणा ग्रामसभेंत उघडपणें करावी. ती याचना नव्हे.

तथापि पैशानें रात्रीचें जागरण वांटलें जात नाहीं. शहरांत पगारी आया किंवा ब्रदर मिळतो. खेड्यांत बहुधा पाळ्याच लावाव्या लागतात. सोमवारची दुपार पुतण्याची, गुरुवारची शेजारणीची, असें ठरलें आणि कूस कशी पालटावी हें त्यांना एकदां शिकविलें, म्हणजे त्या बाईला आठवड्यांतून दोनदां निर्धास्त झोप मिळते. पुण्यामुंबईच्या नातलगांनीं भेटीस जातांना केळीं जरूर न्यावींत. परंतु त्याबरोबर एक मुक्काम करावा, आणि त्या रात्रीं कूस पालटण्याचें काम आपल्याकडे घ्यावें.