टाळेबंदी उठवताना दोन्ही बाजूंच्या धोक्यांचा विचार

महामारीत टाळेबंदी लागू करण्यापेक्षा ती उठवण्याचा निर्णय अधिक कठीण असतो. निर्बंध घाईने शिथिल केल्यास संसर्ग वाढतो. ते लांबल्यास इतर आजारांचे रुग्ण उपचारांपासून दूर राहतात. कोरोना काळात भारताला हे दोन्ही धोके अनुभवावे लागले.

देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. ८ जूनपासून प्रतिबंधित क्षेत्रे वगळता प्रार्थनास्थळे, उपाहारगृहे आणि मॉल उघडण्यास केंद्र सरकारने परवानगी दिली.

टाळेबंदीचे आरोग्यावरील परिणाम क्षयरोगाच्या आकडेवारीत स्पष्ट दिसतात. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ही संख्या सुमारे १८ लाखांवर आली. ही घट रोग ओसरल्यामुळे नव्हे, तर प्रामुख्याने तपासणी आणि निदान खंडित झाल्यामुळे झाली. निदान न झालेल्या रुग्णापासून कुटुंबीयांनाही संसर्ग होऊ शकतो.

निर्बंध केव्हा शिथिल करावेत, याचे निकष जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सुचवले. पुरेशा चाचण्या होत असताना बाधितांचे प्रमाण किमान दोन आठवडे ५ टक्क्यांहून कमी असावे, हा त्यांपैकी एक. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास १४ दिवसांपर्यंत अवधी लागू शकत असे आणि गंभीर रुग्ण त्यानंतर रुग्णालयात येत. त्यामुळे एखादी सवलत दिल्याचा परिणाम लगेच कळत नसे. दोन टप्प्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवण्यामागे हेच कारण होते.

केवळ रुग्णसंख्या घटणे पुरेसे नसते, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले. फेब्रुवारीत देशातील दैनंदिन नवे रुग्ण दहा हजारांच्या आसपास होते. त्यानंतर वाढती गर्दी आणि वेगाने पसरणारा डेल्टा विषाणू यांमुळे मे महिन्याच्या सुरुवातीला ही संख्या चार लाखांवर गेली. अनेक शहरांत खाटा आणि ऑक्सिजन अपुरे पडले.

या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने ७ जून २०२१ पासून पाच स्तरांची पद्धत स्वीकारली. चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आणि ऑक्सिजन खाटांचा वापर २५ टक्क्यांहून कमी असलेले जिल्हे पहिल्या स्तरात ठेवण्यात आले. दर आठवड्याच्या आकडेवारीनुसार स्तर बदलण्याची तरतूद होती. संसर्गाच्या वेगासोबत रुग्णालयांची क्षमताही त्यात मोजली जात होती. निर्बंध सैल करण्याची मर्यादा जशी आधी ठरली होती, तशीच ते पुन्हा कडक करण्याचीही. या पद्धतीचे महत्त्व त्यातच होते.